अ‍ॅना सफरचंदाला फूल येतंय खरं फळ का धरंना?

नमस्कार. मागून वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या अंगाला तुमची अ‍ॅना जातीची ४० सफरचंदाची झाडं आहेत. डिसेंबरअखेर पानं काढली, जानेवारीच्या उत्तरार्धात फूल आलं, माश्याही फिरताना दिसल्या. पण पाकळ्या पडल्यावर ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी झालेली फळं पंधरवड्यात गळून खाली आली. तुमच्याच शब्दांत, "फूल मस्त येतंय खरं फळ धरंना." औषधाच्या दुकानात फळगळ थांबवणारं संजीवक मारायला सांगितलंय, ते किती मारू असं तुम्ही विचारता. शेवटी जोडप्रश्न आहे, की बांधावरच्या हापूसचंही असंच होतं, त्याचं कारणही हेच का?

संजीवक मारू नका. तुम्हाला सुचवलेलं एनएए (नॅप्थॅलीन अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड) हे संजीवक आंब्यात, मिरचीत गळ थांबवायला वापरतात हे खरं आहे. सफरचंदातही काढणीच्या तोंडावर तयार फळ गळत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण पाकळ्या पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हेच एनएए जगभरचे सफरचंदवाले नेमक्या उलट कामाला वापरतात. झाडावर फळं जास्त झाली की विरळणी करायला, म्हणजे लहान फळं पाडायला. तुमच्या झाडांवर जी चार फळं टिकली असतील तीही त्याने जातील.

आता मूळ मुद्दा. तुम्ही याला फळगळ म्हणता, पण माझ्या मते तुमच्याकडे फळ धरलंच नव्हतं. नुसतं फुलाचं बूड थोडं फुगलं होतं. हे ताडून बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या बहाराला गळलेली दहा-वीस फळं उचला आणि ब्लेडने आडवी कापा. सफरचंदाच्या पोटात पाच कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे दहा बिया धरण्याची सोय. फलन झालेलं बीजांड टपोरं, पांढरं, चकचकीत दिसतं. न झालेलं चपटं, तपकिरी, कप्प्याच्या भिंतीला चिकटल्यासारखं. दहाच्या दहा तपकिरी असतील तर खतं, पाणी, बुरशी या वाटेने शोध घेण्यात अर्थ नाही. बी वाढायला लागली की तिच्यातून ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं देठाकडे जातात, त्यावर झाड ते फळ धरून ठेवतं. बी नाही तर तो निरोप नाही, आणि झाड देठाशी पेशींचा थर सैल करून फळ टाकून देतं. एक-दोनच बिया असतील तर फळ टिकू शकतं, पण एका अंगाने वाकडं होतं, कारण ज्या बाजूला बी नाही ती बाजू फुगत नाही. टिकलेल्या फळांत अशी वाकडी फळं दिसली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवून सांगा.

मग फलन का झालं नाही? फूल होतं, माश्या होत्या, पराग होता. अडचण अशी की तुमची ४० झाडं जनुकांच्या हिशोबात एकच झाड आहे. सगळी अ‍ॅनाच्या काडीची कलमं. पहिल्या झाडाचा पराग माशीने चाळिसाव्या झाडावर नेऊन टाकला तरी तो स्वतःच्याच फुलावर पडल्यासारखा. आणि सफरचंदाचं फूल स्वतःचा पराग ओळखून अडवतं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना देवक विचारतात आणि एक देवक निघालं की बोलणी थांबतात, तसा हा प्रकार आहे. फूल ते देवक कसं विचारतं, एवढंच समजून घ्यायचं.

सफरचंदाच्या १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जागा आहे, तिला एस-स्थान म्हणतात. त्या जागी कुठलं जनुक बसलंय यावरून एस१, एस२, एस३ असे प्रकार पडतात. नेहमीच्या जातीत गुणसूत्रांच्या जोड्या असल्यामुळे झाडाकडे दोन प्रकार असतात. उदाहरणार्थ गोल्डन डेलिशस एस२-एस३, गाला एस२-एस५, फुजी एस१-एस९. परागकणात मात्र जोडीतलं एकच गुणसूत्र जातं, म्हणून त्याच्याकडे एकच प्रकार. गोल्डन डेलिशसचा निम्मा पराग एस२चा, निम्मा एस३चा. नियम असा, की परागाचा प्रकार फुलाच्या दोनांपैकी कुठल्याही एकाशी जुळला की तो कण बाद.

आता जरा खोलात जातो, कारण खरी गंमत इथे आहे. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर पडला की पाणी शोषतो, फुगतो आणि त्यातून एक नळी निघते. ती कुक्षिवृंताच्या, म्हणजे कुक्षीखालच्या बारीक दांडीच्या आतल्या मऊ पेशींमधून खाली बीजांडाकडे वाढत जाते. त्या वाटेवर फुलाने एक प्रथिन पेरून ठेवलेलं असतं, एस-आरनेझ. हे आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचा जनुकाचा निरोप नेणारा रेणू, तोडणारं एंझाइम. ते प्रत्येक परागनलिकेत शिरतं, आपल्या असो वा परक्या. नळीतला आरएनए तुटला की प्रथिनं बनणं थांबतं आणि नळी वाटेतच मरते. मग परक्या जातीचा पराग जगतो कसा? त्याच्या नळीत एफ-बॉक्स कुळातली बरीच प्रथिनं असतात. त्यातलं कुठलं तरी एक येणाऱ्या परक्या एस-आरनेझला धरतं, त्याला युबिक्विटिन नावाची खूण चिकटते, आणि अशी खूण लागलेली प्रथिनं पेशीतलं प्रोटिअसोम चिरडून टाकतं. एंझाइम निष्प्रभ झालं की नळी पुढे सरकते. परागाकडे इतर प्रकारांच्या एस-आरनेझवर उतारा असतो, फक्त स्वतःच्या प्रकारावर नसतो. म्हणजे फूल आपल्या परागाला निवडून मारत नाही. विष सगळ्यांना सारखंच मिळतं, आपल्या परागाकडे त्यावर उतारा नसतो इतकंच. चेरी, बदाम, प्लम ही याच गुलाबाच्या कुळातली झाडं, पण त्यांच्यात परागाच्या बाजूचं काम वेगळ्या रीतीने चालतं. तो विषय आज नको.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्या वाचकांसाठी एक आगाऊ माहिती. या प्रथिनाचं जनुक पहिल्यांदा हाती लागलं ते तंबाखूच्या एका शोभेच्या भाऊबंदात, निकोटिआना अलाटामध्ये, १९८६ साली. ते आरएनए तोडणारं एंझाइम आहे हे १९८९ मध्ये कळलं. सफरचंद आणि तंबाखू यांचं नातं फार लांबचं, तरी यंत्रणा तीच.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि मी ते वर्षानुवर्षं बघत आलोय. परागण करून दोन-तीन दिवसांनी कुक्षिवृंत काढायचे, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचे, अ‍ॅनिलीन ब्लूने रंगवून काचेवर हलकेच दाबायचे आणि अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. परागनलिकेच्या भिंतीत कॅलोज नावाचं द्रव्य असतं, ते पिवळट-हिरवं चमकतं. जुळणाऱ्या जातीचा पराग असेल तर नळ्यांचा झुपका वरपासून बुडापर्यंत सरळ उतरलेला दिसतो. स्वतःचा पराग असेल तर पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच नळ्या थबकलेल्या असतात, टोकं गाठीसारखी फुगलेली आणि त्यावर कॅलोजचे जाड ठिपके. दोन काचा शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या की शेतकऱ्याला पुढे काही सांगावं लागत नाही.

हे सगळं त्या एका प्रथिनावर उभं आहे याचा पुरावा निसर्गानेच दिलाय. जपानी नासपतीत निजिस्सेइकी नावाची जात आहे, तिलाही स्वतःचा पराग चालत नाही. तिच्या एका झाडाच्या फांदीत आपोआप बदल झाला आणि एस४-आरनेझचं जनुकच गळून पडलं. त्या फांदीला स्वतःच्या परागाने फळं धरली. तिचीच पुढे ओसा-निजिस्सेइकी ही स्वफलनशील जात झाली.

आता तुमच्या अ‍ॅनाकडे येऊ. ती इस्रायलमध्ये तयार झालेली जात, तिच्या आईबापांपैकी एक गोल्डन डेलिशस. म्हणजे एस२ किंवा एस३ यापैकी एक तिच्यात येणारच. एखाद्या दुसऱ्या जातीशी तिचा एक प्रकार जुळला आणि दुसरा वेगळा निघाला, तर त्या जातीचा निम्मा पराग चालतो. माश्या पुरेशा असतील तर निम्म्यानेही भागतं. अ‍ॅनासाठी जगभर जी जोडीदार जात लावतात ती डॉर्सेट गोल्डन. ती बहामामधली, थंडीची गरज अ‍ॅनापेक्षाही कमी आणि फूल साधारण त्याच सुमारास. बहुतेक रोपवाटिका दोन्ही जाती विकतात, पण गिऱ्हाईक लाल फळाचा फोटो बघून सगळी अ‍ॅनाच उचलतं. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही जातही आपल्या भागात बरीच आलीय. तिला स्वतःचा पराग चालतो असं सांगून ती विकली जाते. तरीही मी सलग एकच जात लावा असं कुणाला सांगत नाही. स्वतःचा पराग चालणाऱ्या जातीलाही परक्या परागाने बिया जास्त धरतात आणि फळ भरदार होतं.

इथवर जे सांगितलं ते पक्कं आहे. पुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे.

पहिलं म्हणजे थंडी. सफरचंदाचा डोळा नीट फुटायला ७ अंशांखालचे तास मोजतात. अ‍ॅनाला ते दोनशे-तीनशे लागतात असं धरतात. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १३-१४ अंशांवर रेंगाळतात, तेव्हा हे तास मिळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. इंडोनेशियात, जावा बेटावर मलंगच्या डोंगरात पानं हाताने ओरबाडून झाडाला फसवतात आणि वर्षाला दोन बहार घेतात. तुम्ही पानं काढलीत ती त्याच जातीची युक्ती. पण अशा झाडाचं फूल एकदम न येता आज इथे चार, पुढच्या आठवड्यात तिथे दहा असं येतं. त्यामुळे जोडीदार जात लावूनही दोघींची वेळ चुकू शकते. म्हणून दोन्ही जातींची पानं एकाच दिवशी काढू नका. एका वर्षी नोंद ठेवा, कोण किती दिवस आधी फुलतं ते बघा, आणि त्या फरकाने मागेपुढे पानं काढा.

दुसरं ऊन. परागनलिका २० अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत खाली पोचते. फार गारठा असेल तर आठवडा उलटतो. दुसऱ्या बाजूने बीजांडाचं आयुष्यही मोजकं असतं. नळी पोचेपर्यंत ते जिवंत राहायला हवं. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे पारा ३३-३४च्या घरात गेला की कुक्षी दुपारपर्यंत सुकते आणि बीजांडं लवकर म्हातारी होतात. म्हणून फूल जानेवारीतच आलेलं बरं. उशिरा आलेल्या फुलावर फार आशा ठेवू नका.

तिसरं, रोपाची खात्री. डॉर्सेट म्हणून आणलेलं रोप अ‍ॅनाच निघालं तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात. शंका असेल तर पानातून डीएनए काढून पीसीआरने, म्हणजे हवा तो तुकडा वाढवून बघायच्या तपासणीने, एस-प्रकार तपासता येतात. या जनुकाच्या मधल्या तुकड्याची लांबी प्रकारागणिक वेगळी असते, त्यामुळे जेलवर पट्टे वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात. ही सोय उद्यानविद्या महाविद्यालयांत किंवा खासगी प्रयोगशाळेत विचारा. गोकाकजवळ अरभावीला महाविद्यालय आहे, ते तुम्हाला जवळचं. तपासणी महाग वाटली तर फळ लागेपर्यंत थांबायचं, मग रंगावरून आपोआप कळतं. डॉर्सेटचं फळ पिवळं, उन्हाच्या बाजूला जरा गुलाबी झाक.

आता करायचं काय. नवी झाडं आणण्याआधी येत्या बहाराला एक प्रयोग करा. तुमच्या भागात कुणाकडे डॉर्सेट असेल तर त्यांच्याकडून फुगलेल्या, पण न उमललेल्या कळ्या आणा. उमललेलं फूल नको, त्यातला पराग माश्यांनी नेलेला असतो. कळ्या चाळणीवर घासून परागकोश वेगळे करा आणि कागदावर पसरून रात्रभर सावलीत ठेवा. पंख्याखाली नको. सकाळपर्यंत कोश फुटून पिवळी भुकटी सुटते. ती छोट्या बाटलीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रीजमध्ये ठेवली तर काही आठवडे चालते. दमट राहिली की गेली. मग तुमच्या चार झाडांवर दोन-दोन फांद्या निवडा. सगळ्या फांद्यांवर फूल उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधा. झाडाच्या एका फांदीवर सकाळी पिशवी उघडून मऊ ब्रशने भुकटी कुक्षीवर लावा आणि पिशवी परत बांधा. दुसऱ्या फांदीवर तसाच ब्रश अ‍ॅनाच्याच परागाने फिरवा. घोसातलं मधलं फूल आधी उमलतं आणि फळही त्याचंच मोठं होतं, तेव्हा ते चुकवू नका. तीन आठवड्यांनी दोन्हीकडची फळं मोजा, काही कापून बघा. डॉर्सेटच्या फांदीवर फळं आणि अ‍ॅनाच्या फांदीवर शून्य असं निघालं तर पुढचा खर्च करायला हरकत नाही. दोन्हीकडे शून्य आलं तर दोष परागाचा नाही, फूलच कमकुवत आहे. मग थंडीकडे आणि झाडातल्या अन्नसाठ्याकडे बघायला हवं.

कायमचा उपाय म्हणजे कलम. ४० झाडं उपटायची गरज नाही. दर तिसऱ्या ओळीतल्या दर तिसऱ्या झाडाला डॉर्सेट करा, किंवा माझी पसंती विचाराल तर प्रत्येक दुसऱ्या झाडावर डॉर्सेटची एकच फांदी पाचर कलमाने चढवा. माशी ओळीतून शेजारच्या झाडावर जाते, लांब उड्या क्वचित मारते, तेव्हा पराग जितका जवळ तितकं बरं. त्या फांदीला रंगाचा पट्टा मारून ठेवा, नाहीतर छाटणीवाला तीच पहिली कापतो. फांदी फुलायला एक-दोन वर्षं जातील, तोवर हिमाचलात करतात तसं करा. डॉर्सेटच्या फुललेल्या डहाळ्या पाण्याच्या बादलीत घालून बागेत जागोजाग टांगा आणि पाणी रोज बदला.

माश्या तुम्हाला दिसल्या म्हणता, पण कोणत्या? सातेरीची, म्हणजे खोक्यात पाळतात त्या देशी मधमाशीची एक-दोन खोकी बागेत असली तर उत्तम. खानापूरकडे पाळणारे मिळतील. खोकी फूल सुरू झाल्यावर आणा. आधी आणली तर माश्या बाहेरच्या फुलोऱ्याची वाट धरतात आणि तीच सोडत नाहीत. आग्या माश्या आल्या तर आनंद माना, पण त्यांच्यावर हिशोब मांडू नका. फूल असताना कीटकनाशक नको, हे सांगायला नकोच. बोरॉनचं मात्र मी सांगेन. परागनलिकेच्या वाढत्या टोकाची भिंत पेक्टिनची असते आणि तिला बोरॉन लागतं. कळी गुलाबी असताना बोरिक अ‍ॅसिड लिटरला १ ग्रॅम, एकदाच. त्याने एस-आरनेझ थांबत नाही, जुळणाऱ्या परागाला मदत होते एवढंच. जास्त मारलं तर पानं करपतात.

हापूसचं कारण हेच नाही, थोडं साम्य आहे. आंब्याच्या मोहोरात नर फुलं आणि द्विलिंगी फुलं मिसळलेली असतात. नर फुलाला फळ धरण्याचा प्रश्नच नाही, आणि हापूसमध्ये द्विलिंगी फुलांचं प्रमाण मुळात कमी. त्यांतूनही शेवटपर्यंत टिकणारी फळं शेकड्याला एकही भरत नाहीत, आणि हे सगळ्या आंब्यांत असंच असतं. मोहोर दांडगा आणि आंबे मोजके ही तक्रार त्यामुळे काही अंशी निराधार आहे. उत्तरेकडच्या दशहरी, लंगडा, चौसा या जातींना स्वतःचा पराग चालत नाही हे पूर्वीच दिसून आलंय. पण आंब्यात नळी सफरचंदासारखी वाटेत अडत नाही, ती बीजांडापर्यंत पोचते आणि बिघाड त्यानंतर आत होतो. हापूसच्या सलग बागेत केसर, रत्ना, नीलम यांची काही झाडं मिसळा असं मी सांगतो. तुमची झाडं बांधावर आहेत, आजूबाजूला रायवळ आंबे असतीलच, तेव्हा तुम्हाला परक्या परागाचा तोटा नसावा. तुमच्याकडे रात्रीचा गारठा जास्त नडत असेल. रात्री १५ अंशांखाली गेल्या की आंब्याचा पराग कमजोर पडतो, नळी मंदावते आणि कोय न धरलेल्या बारीक कैऱ्या लागतात, त्या सुपारीएवढ्या होऊन गळतात. आणि आंब्याचं परागण मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त करतात. तुडतुड्यांसाठी भर फुलोऱ्यात फवारणी केली की त्याही मरतात. ती फवारणी मोहोर फुटताना करा, उमलल्यावर थांबा.

कुणी अथणीकडून द्राक्षाबद्दल विचारेल म्हणून सांगून ठेवतो. थॉमसन सीडलेसला परागण लागतं, फलनही होतं, पण बी वाढता वाढता अर्ध्यावर मरते. त्यामागे एजीएल११ या जनुकातला बदल आहे. तिथे जिबरेलिन देऊन मणी फुगवता येतो. ते बघून सफरचंदावर जिबरेलिन मारायचा मोह होईल. सफरचंदात त्याने फळ भरवशाने धरत नाही आणि पुढच्या वर्षीचं फूल मात्र कमी होतं.

एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही शेवटी लिहिलंय की यंदा जमलं तर अजून दोन एकर लावायचं आहे. इथल्या हवेत सफरचंद ही हौस आहे. पराग जुळवून ४० झाडांना फळ धरवता येईल, पण न मिळणारी थंडी कलम करून मिळत नाही. प्रयोगाच्या फांद्यांवरचे आकडे हातात आल्याशिवाय दोन एकराचा आगाऊ पैसा रोपवाटिकेत देऊ नका. डॉर्सेटच्या काड्या हव्या असतील तर पानं काढायच्या आधी, डोळे झोपलेले असतानाच मागवून ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. डोळा फुगला की कलम धरत नाही.